फ्लश टँकसाठी साधा बॉल कॉक की उभा फिल व्हॉल्व्ह?

टँकमधून पाणी सारखं वाहतंय, प्लंबरने झाकण उचलून "सगळा सेट बदलावा लागेल" असं सांगितलंय आणि हार्डवेअरवाल्याने काउंटरवर दोन-तीन पिशव्या ठेवल्यात. त्यातली कोणती उचलायची? कंपनीचं नाव बघण्याआधी आपल्याकडे पाणी किती जोराने येतं आणि कसलं येतं ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

त्याआधी एक मोजणी करा, तिला फक्त पेन्सिल लागते. टँक पूर्ण भरला की आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी खूण करा, अँगल कॉक (टँकला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा आणि तासभर फ्लश वापरू नका. पातळी उतरली, तर पाणी तळाच्या रबरी सीलमधून कमोडमध्ये जातंय. मग वर कितीही महागाचा व्हॉल्व्ह बसवा, गळती तशीच राहणार. पातळी हलली नाही, पण कॉक उघडल्यावर पाणी चढत चढत ओव्हरफ्लोच्या नळीत (जादा पाणी कमोडमध्ये सोडणारी टँकमधली उभी नळी) पडू लागलं, तर दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा. खात्री हवी असेल तर टँकमध्ये खाण्याचा रंग थेंबभर टाका. वीसेक मिनिटांत, फ्लश न करता, कमोडमध्ये रंग उतरला तर सील गेलंय हे नक्की. सील बदलायला पूर्ण सेट लागतोच असं नाही, आणि हे प्लंबर आपणहून सांगेलच असंही नाही.

गळती किती, हेही त्याच खुणेवरून काढता येतं. टँकची आतली लांबी 40 सेंटिमीटर आणि रुंदी 15 सेंटिमीटर धरली, तर पातळी एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे 600 मिलिलिटर पाणी गेलं. तासाला एवढंच गळत असेल तरी दिवसाला 14 लिटरच्या वर जातं, तेही आवाज न करता. फ्लशला किती पाणी लागतं तेही असंच मोजा: कॉक बंद ठेवून एकदा फ्लश करा आणि पातळी किती उतरली ते बघा. दहा सेंटिमीटर उतरली तर सहा लिटर.

आता मूळ प्रश्न. साध्या बॉल कॉकमध्ये एक दांडी, तिच्या टोकाला पोकळ गोळा. पाणी चढलं की गोळा उचलला जातो आणि दांडी दुसऱ्या टोकाला वायसर दाबून पाणी बंद करते. पातळी कमी करायची तर दांडीवरचा स्क्रू फिरवायचा. जुन्या पितळी दांडीला तर प्लंबर सरळ हाताने बाक देतात. उभ्या फिल व्हॉल्व्हमध्ये दांडी नसते. नळीभोवती किंवा तिच्या शेजारी एक छोटा डबा वरखाली होतो आणि आतला पातळ रबरी पडदा पाणी अडवतो. पातळी ठरवायला बाजूचा स्क्रू किंवा चाप असतो, त्यामुळे अर्धा सेंटिमीटर वर-खाली करणंही सोपं जातं. आवाज कमी, टँक पटकन भरतो आणि शेवटी पाणी झटकन बंद होतं. बॉल कॉक मात्र बंद होताना बराच वेळ बारीक धारेने भरत राहतो. रात्री दोन वाजता कुणी उठलं की तो सूं सूं आवाज घरभर ऐकू येतो.

इथपर्यंत वाचून उभाच घ्यावा असं वाटेल. शहरातल्या बऱ्याच घरांत तो योग्यही आहे. पण तुम्ही सर्वात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीवरची टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर असेल, तर थांबा. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे तुमच्या वाट्याला पाव बार येतो. पडद्याचे काही व्हॉल्व्ह स्वतः बंद व्हायला पाण्याच्या दाबाचाच आधार घेतात. दाब कमी पडला तर ते भरतात हळू आणि नीट मिटतही नाहीत. खोक्यावर किमान दाब छापलेला असेल तर तो वाचा. नसेल, तर वरच्या मजल्यावर साधा बॉल कॉकच बरा.

दुसरी गोष्ट पाण्याची जात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षार आणि गाळ दोन्ही आले. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की फ्लशच्या तक्रारी वाढतात त्या यामुळेच. पडद्याच्या व्हॉल्व्हमधलं भोक अगदी बारीक असतं, वाळूचा एक कण पुरतो. काही व्हॉल्व्हला तळाशी जाळी असते. ती काढून धुता येते का हे दुकानातच उघडून बघा. बॉल कॉकही क्षारांनी अडकतो, पण तो खोलून, वायसर पालटून, लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवून परत लावता येतो. त्याचा खरा शत्रू वेगळा: प्लास्टिकच्या गोळ्याला तडा जातो, आत पाणी शिरतं आणि तो तरंगायच्या ऐवजी अर्धा बुडून बसतो. गोळा कानाशी धरून हलवा, आत पाणी वाजलं तर फक्त गोळा बदला.

टँकच्या आकाराकडेही बघा. चिनी मातीच्या नव्या, अरुंद टँकमध्ये बॉल कॉकची दांडी भिंतीला किंवा मधल्या फ्लशच्या फिटिंगला घासते. तिथे उभ्याला पर्याय नाही. भिंतीवरच्या जुन्या प्लास्टिक टँकमध्ये जागा भरपूर असते आणि पाणी बाजूने येतं, त्याला बॉल कॉक निमूट बसतो. साधा प्लास्टिकचा बॉल कॉक बहुधा स्वस्त पडतो, पण हा निर्णय पैशांवर सोडू नका.

पातळी कुठे ठेवायची? ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली दोन-अडीच सेंटिमीटर. टँकच्या आत कंपनीची रेघ असेल तर तीच प्रमाण. एक गैरसमज नेहमी भेटतो: टँकची पातळी कमी केली की कमोडमधलं पाणीही कमी राहील. तसं होत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या कमोडमध्ये किती पाणी उभं राहणार हे ट्रॅपच्या, म्हणजे कमोडमागच्या वळणदार नळीच्या, बाकाची उंची ठरवते. मे महिन्यात घर महिनाभर बंद राहिलं की ते आटतं आणि परतल्यावर वास येतो. त्याला बादलीभर पाणी पुरे, प्लंबर नको.

पाणी वाचवायचं असेल तर डबल बटण. ही कल्पना 1980 साली ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीने बाजारात आणली, तेव्हा मापं 11 आणि साडेपाच लिटरची होती. आता आपल्याकडे 6 आणि 3 लिटर नेहमीचं. चार माणसं, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा धरा. दहा लिटरच्या जुन्या टँकला 200 लिटर लागतात. डबल बटणाला, चार वेळा मोठं आणि सोळा वेळा छोटं बटण दाबून, 72. फरक मोठा आहे, पण एक अट आहे. दहा लिटरसाठी घडवलेला जुना कमोड सहा लिटरमध्ये साफ होत नाही, मग माणसं दोनदा बटण दाबतात आणि बचत गटारात जाते. कमोड जुना असेल तर टँकमध्ये पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ठेवून बघा. दर फ्लशला लिटरभर वाचतं, आणि भांडं साफ होईनासं झालं तर बाटली काढून घेता येते. वीट मात्र ठेवू नका, ती विरघळून गाळ करते.

टँक नको, थेट फ्लश व्हॉल्व्ह बसवू म्हणणारेही असतात. पुन्हा भरायची वाट बघावी लागत नाही हे खरं, पण त्याला जाड स्वतंत्र पाइप आणि चांगला दाब लागतो. पाणी किती जाणार हे बोट किती वेळ दाबून ठेवलं त्यावर ठरतं, आणि अडकला तर गच्चीवरची टाकी रिकामी करूनच थांबतो. लहान मुलं असलेल्या घरात मी तो सुचवणार नाही. भिंतीतला लपवलेला टँक दिसायला छान. आतली भानगड उभ्या व्हॉल्व्हचीच, फक्त सुटे भाग त्याच कंपनीचे शोधावे लागतात.

दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या, पाणी बाजूने येतं की खालून ते सांगा. टँकमध्ये क्लोरीनच्या वड्या टाकत असाल तर बंद करा, त्याने नवं रबरही लवकर कडक होतं. आणि बसवताना खालची प्लास्टिकची नट हातानेच आवळायला सांगा, वर फार तर पाव फेरा. पान्याचा जोर लावला की चिनी मातीला तडा जातो आणि मग प्रश्न व्हॉल्व्हचा न राहता टँकचा होतो.