कपाशीतला कामगंध सापळा: घ्या, पण मोजणीसाठी

सेलू-मानवतकडच्या प्रत्येक कपाशीवाल्यानं गुलाबी बोंडअळीसाठी नरसाळ्याचा कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारा सापळा, लावावाच. एकरी दोन लागतात, दोघांचा मिळून खर्च एका फवारणीहून कमी येतो. मात्र ‘हा लावा, फवारणीची गरजच नाही’ असं दुकानात सांगतात त्यावर विसंबू नका. वासाला फक्त नर येतात, माद्या अंडी घालतच राहतात.

तरीही मी घ्या म्हणतो, कारण गुलाबी अळी बाहेरून दिसतच नाही. बोंड हिरवंगार असतं, शिरल्याचं छिद्रही बुजलेलं. फोडावं तर आत रुई डागाळलेली, सरकी पोखरलेली आणि अळी मजेत बसलेली. तिथं फवारा काय पोचणार? पतंग उडतात तेव्हाच कळलं पाहिजे. सकाळी सापळ्याच्या पिशवीचं टोक सोडून पतंग तळहातावर घ्या: गव्हाच्या दाण्याहून जरा मोठे, मळकट तपकिरी, मागच्या पंखांना बारीक झालर. सापळ्यामागं 8 पतंग, सलग 3 रात्री, एवढे झाले की फवारायला थांबू नका.

‘अळीला बीटीची सवय झाली’ असं गावोगाव म्हणतात. बीटी म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. सवय नाही हो, निवड झाली! बीटी 2002 ला आलं, दोन जनुकांचं 2006 ला. बोंडं खाणारी दुसरी, अमेरिकन अळी तूर, हरभरा, टोमॅटो काहीही खाते. तिथं विषाशी गाठच न पडलेले पतंग तयार होतात, बीटीतून वाचलेल्यांशी त्यांचा संयोग होतो आणि विष पचवायचा गुण पातळ पडतो. गुलाबी अळीचं पोट जवळपास कपाशीवरच. सगळं शिवार बीटीचं, त्यात पचवणारी तेवढी वाचली, पुढची वीण तिचीच. 2017 ला आपण ते भोगलं. फरदड ठेवणं, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी शेतात राखणं, हे तिला आणखी पिढ्या काढू देणं. बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची ती विषाशी गाठ न पडलेले पतंग तयार व्हावेत यासाठीच, आणि ती बांधावर फेकलेली पाहून मला आजही वाईट वाटतं.

आता दोष. पिशवीचा रबर उन्हानं सैल पडतो, सुतळीनं बांधा. माझ्या ल्यूरच्या, म्हणजे सापळ्यात लावायच्या वासाच्या तुकड्याच्या, पाकिटावर तारीख वाचताच येत नव्हती. असलं पाकीट परत करा. ल्यूर गुलाबी अळीचीच मागा, अमेरिकन अळीची वेगळी असते. लागवडीनंतर दीड महिन्यानं, शेंड्याच्या फूटभर वर लावा, पीक वाढेल तसा सापळाही वर घ्या.