वायरची ड्रिल, १२ व्होल्ट की १८ व्होल्ट? आधी घराची भिंत बघा

ताईनं नागपूरच्या मनीषनगरात फ्लॅट घेतला तेव्हा पहिलं काम निघालं पडद्यांचं. एप्रिल लागला होता आणि पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी दोननंतर ऊन थेट पलंगावर यायचं. मी माझी १२ व्होल्टची बॅटरीवाली ड्रिल घेऊन गेलो. प्लास्टरमधून बिट झरकन गेला आणि मग एकाच जागी फिरत राहिला. अंगाचा भार टाकला तर बिटचं टोक निळं पडलं. त्याच घरात देवघराची फळी, आरसा, किल्ल्यांचं स्टँड याच मशीननं सहज लागलं होतं. खिडकीच्या वर मात्र वीट नव्हती, लिंटेल म्हणजे काँक्रीटचा आडवा पट्टा होता. शेवटी खालच्या मजल्यावरचे इलेक्ट्रिशियन त्यांची रोटरी हॅमर घेऊन वर आले. "काहून एवढा जोर लावून राहिले भाऊ? काँक्रीट आहे ते," म्हणाले, आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटात एकेक भोक पाडून मोकळे झाले.

तेव्हापासून कोणती ड्रिल घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, भोकं कुठे पाडायची आहेत?

नागपुरात भिंत घरागणिक बदलते. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांच्या भिंती जाड, पण विटा मऊ आणि सांधे चुन्या-मातीचे. तिथे हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोके देण्याची ड्रिलमधली सोय, चालवला की भोक मोठं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा भिंतीतला प्लग, सैल बसते. नंतरच्या घरांत लाल वीट आणि सिमेंट आलं. त्यात कुठलीही बरी मशीन चालते. अलीकडच्या बऱ्याच बांधकामांत फ्लाय ॲशच्या विटा असतात. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं जवळ असल्यानं इथे राखेला तोटा नाही. या विटा फसवतात. लाल भुकटी आली तर वीट आणि करडी आली तर काँक्रीट, हा जुना ठोकताळा इथे चालत नाही, कारण फ्लाय ॲशची भुकटीही करडीच. रंग सोडा, बिटची चाल बघा. प्लास्टर संपल्यावरही बिट हळूहळू आत सरकत असेल तर ती वीट. आवाज कर्कश झाला आणि सरकणं थांबलं तर काँक्रीट, किंवा त्यातली सळई. सळई लागली तर बिट जाळत बसू नका, इंचभर बाजूला घ्या. नव्या टॉवरमध्ये एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचा हलका सिमेंटचा ठोकळा, असेल तर उलट काळजी घ्यायची: तो इतका मऊ असतो की हॅमर बंद ठेवूनच भोक पाडावं आणि गिट्टीही त्याच ब्लॉकसाठीची घ्यावी.

आणि लिंटेल, बीम, कॉलम, स्लॅब या जागा जवळपास प्रत्येक नव्या घरात काँक्रीटच्याच. पडद्याचा रॉड आणि छताचा हूक, म्हणजे नव्या घरातली अगदी पहिली कामं, नेमकी तिथेच येतात.

आता मशीनकडे येऊ. ५०० ते ६०० वॅटची वायरची इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे हॅमर असलेली साधी ड्रिल, साधारण अडीच-तीन हजारांत चांगल्या कंपनीची मिळते. दोन वर्षं कपाटात पडून राहिली तरी प्लग लावला की पहिल्या दिवसासारखी चालते. वर्षातून दोनदा भिंतीत चार भोकं, एवढंच काम असेल तर मी हीच घ्यायला सांगेन. तिचं दुखणं स्क्रूचं आहे. या साध्या मशीनला क्लच नसतो. स्क्रू पूर्ण बसला तरी ती फिरवतच राहते, आणि मग स्क्रूचं डोकं तरी झिजतं किंवा प्लायमधला आटा तरी मरतो.

बॅटरीच्या मशीनवर चकच्या, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्याच्या, मागे आकड्यांची एक रिंग असते. तोच क्लच. ४ वर ठेवा आणि स्वयंपाकघराच्या शटरचा बिजागर बसवा: स्क्रू बसला की मशीन टकटक करते आणि चक थांबतो, पार्टिकल बोर्ड फुटत नाही. लांब स्क्रूला १२ वर घ्या, १५ वर घ्या. एका दुपारी ताईच्या घरी सैल झालेले सगळे बिजागर मी असे आवळले, एकही स्क्रू वाया गेला नाही. घरातल्या कामांची मोजदाद केली तर भोकांपेक्षा स्क्रूच जास्त निघतात. कॉर्डलेसचे पैसे मला तिथे वसूल झालेले दिसतात.

१२ आणि १८ व्होल्टमधला फरक हाताला लगेच कळतो. बॉशच्या जीएसबी १२० ला ३० न्यूटन-मीटरचा फिरवण्याचा जोर आणि १० मिलिमीटरचा चक आहे. जीएसबी १८० ला ५४ न्यूटन-मीटर आणि १३ मिलिमीटरचा चक. पहिली हलकी, शिडीवर एका हातानं धरता येते. दुसरी जड, पण जाड लाकडात किंवा लोखंडी अँगलमध्ये भोक पाडताना अडखळत नाही. किमतीत साधारण पाच हजार आणि आठ हजार असा फरक धरा. दुकानात नावाची अक्षरंही नीट वाचा. जीएसआर लिहिलं असेल तर त्यात हॅमर नसतो, जीएसबी असेल तर असतो. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. विटेच्या भिंतीसाठी चुकून जीएसआर घेतली तर पहिल्याच दिवशी पस्तावाल. इतर कंपन्यांमध्ये रिंगवर हातोडीचं चिन्ह आहे का ते बघा.

व्होल्टच्या आकड्यांना मात्र भुलू नका. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. पाच सेल जोडले की १८ होतात, पूर्ण भरल्यावर २१. म्हणून १८, २० मॅक्स आणि २१ या तिन्ही पाट्यांच्या आत पाचच सेल असू शकतात. १२ व्होल्टमध्ये तीन असतात. स्वस्त पेटीवर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असं काही छापलेलं असतं, ते व्होल्ट नव्हेत. अशी पेटी मी घेणार नाही, कारण दोन वर्षांनी बॅटरी बसली की तिच्या मापाची दुसरी कुठे शोधणार?

काँक्रीटचं काय, हा प्रश्न १८ व्होल्टनंही पूर्ण सुटत नाही. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि बारीक, भराभर ठोके देतात. जोर तुमच्या खांद्याचा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतला हातोडा बिटवर आपटते. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका वजनदार. १८ व्होल्टची मशीन नवा कार्बाइडचा ६ मिलिमीटर बिट लावून लिंटेलमध्ये एखाद-दुसरं भोक पाडेल, वायरची थोडं लवकर पाडेल. आठ-दहा भोकं असतील तर रोटरी हॅमर भाड्यानं आणा किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवा. केवळ पडद्यांसाठी १८ व्होल्ट घेऊ नका.

बॅटरी घेणाऱ्यानं नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरायलाच हवा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले, आणि नवतपात पारा ४५ ला टेकणं आपल्याला नवं नाही. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. गरम बॅटरीला बरेच चार्जर थांबवूनच ठेवतात. गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत किंवा स्कूटरच्या डिक्कीत ती पूर्ण भरून ठेवली तर न वापरताही तिचं आयुष्य घटतं. मी निम्मी भरून, आतल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवतो आणि चार्ज सकाळीच करतो.

पण याच उन्हाळ्यात एका कामासाठी बॅटरीवालीच हवी, आणि हे मी कळकळीनं सांगतो. कूलर. स्टँडचे नट आवळणं, पंपाची क्लिप बसवणं, पत्र्यात भोक पाडणं, सगळं ओल्या फरशीवर, पाण्याच्या टाकीला खेटून चालतं. विदर्भात कूलरचा शॉक लागून दरवर्षी माणसं जातात. तिथे आणखी एक २३० व्होल्टची वायर ओढू नका. कूलरचा प्लग काढा आणि बॅटरीच्या मशीननं काम करा.

तर भाड्याचं घर, फर्निचर, बिजागर, कूलर, विटेत अधूनमधून भोक: १२ व्होल्टची, हॅमर असलेली, दोन बॅटऱ्यांसकट. स्वतःचं घर आणि सुतारकामाची हौस असेल, दरवाजे-अँगल स्वतः करणार असाल, तर १८. महालातल्या जुन्या वाड्यात वर्षाला चार फोटो टांगायचे असतील तर वायरची, हॅमर बंद ठेवून. इम्पॅक्ट ड्रायव्हर (फक्त स्क्रू आवळायची जोरदार मशीन) आणि ब्रशलेस मोटर (कार्बन ब्रश नसलेली, महाग मोटर) हे घरापुरतं नाही घेतलं तरी चालतं.

इतवारीच्या लोहा ओळीत जाऊन मशीन हातात धरून बघा. मनगटाला तोल बरोबर वाटतो का ते फोटोत कळत नाही. पैसे काढण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: या मॉडेलची सुटी बॅटरी केवढ्याला आहे, आणि ती आत्ता दुकानात आहे का. येताना ६ मिलिमीटरचे दोन चांगले कार्बाइडचे बिट घ्या. पेटीतला फुकटचा संच लाकडासाठी ठेवा.