क्रोबार मॉड्यूल : १४ महिने आणि १३० तासांनंतर

अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीज बनवणाऱ्या यंत्राचं, व्होल्टेज भलतंच चढलं तर तो बंद पाडणारं हे छोटं क्रोबार मॉड्यूल माझ्या आरव्ही-७ए विमानात बसवून १४ महिने झाले. एवढ्या काळात साधारण १३० तास उड्डाण झालं आणि मॉड्यूलने तीनदा ब्रेकर पाडला. दोनदा विनाकारण, एकदा अगदी हवा तेव्हा. त्या तिसऱ्या वेळेबद्दल मुख्यतः सांगायचंय.

विमान मी ओहायोत, घरच्या गॅरेजमध्ये, किट आणून बांधलं. लायकमिंग ओ-३६० इंजिन, ६० अँपिअरचा अल्टरनेटर, बाहेरून जोडलेला रेग्युलेटर. रेग्युलेटर फील्डला, म्हणजे अल्टरनेटरमधल्या चुंबकीय गुंडाळीला, मोजून करंट देतो आणि सगळ्या उपकरणांना वीज पोचवणाऱ्या पट्टीवर (बसवर) १४.२ ते १४.४ व्होल्ट राखतो. तो आतून शॉर्ट झाला, किंवा व्होल्टेज मोजण्याचा त्याचा आधारच सुटला, तर फील्डला पूर्ण करंट जातो. मग अल्टरनेटरला आवरणारं कुणी उरत नाही. बॅटरी थोडा वेळ जास्तीचा करंट पोटात घेते, तरी व्होल्टेज १६, १७, १८ असं चढत राहतं. बॅटरी मध्येच सुटली तर १०० व्होल्टच्याही पुढे जाऊ शकतं. पुण्यात आमच्या इमारतीचा न्यूट्रल तुटला होता तेव्हा एका संध्याकाळी फ्रिज, टीव्ही आणि दोन पंखे गेले. जास्तीचं व्होल्टेज काय करतं हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

हल्लीचे बरेच डिस्प्ले आणि रेडिओ ३० व्होल्टच्या आसपासपर्यंत तग धरतात, म्हणून हे संरक्षण कशाला, असं मला दोघातिघांनी विचारलं. पण बॅटरी १२ व्होल्टचीच असते. ती उकळायला लागली की डिस्प्ले वाचून काय उपयोग? लिथियम बॅटरी असेल तर तिच्या आतलं सर्किट स्वतःला वाचवायला बॅटरी तोडून टाकतं, आणि मोकाट अल्टरनेटर थेट उपकरणांवर येतो. माझ्या इंजिनाला एका बाजूला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी बनवणारं जुनं यंत्र) आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. त्या दुसऱ्या बाजूची मला जास्त काळजी होती.

मॉड्यूलचं काम सरळ आहे. फील्डच्या तारेवर १६.२ व्होल्ट दिसले की आतला थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, ती तार अर्थला जोडतो, म्हणजे मुद्दाम शॉर्ट करतो. त्यामुळे तिच्या आधीचा ५ अँपिअरचा ब्रेकर पडतो, फील्ड जातं आणि अल्टरनेटर थांबतो. मुद्दाम शॉर्ट करणं सुरुवातीला मलाही रानटी वाटलं होतं. पण रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) वापरला तर त्याचे पॉइंट कायम फील्डच्या वाटेत राहतात, आणि ते खराब झाले की चांगला अल्टरनेटर उगाच बंद. हे मॉड्यूल बाजूला उभं राहून नुसतं पाहत असतं. शिवाय ते फील्ड तोडतं, अल्टरनेटरची जाड तार नाही. भर चार्जिंगमध्ये जाड तार तोडली तर व्होल्टेजची जी उसळी येते, तिच्यात खुद्द अल्टरनेटर जळू शकतो.

पहिल्या महिन्यात दोनदा इंजिन सुरू होताक्षणी ब्रेकर पडला. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरवर (त्याच्या मोठ्या रिलेवर) तो सुटताना येणारी व्होल्टेजची उसळी जिरवणारा डायोड नव्हता, आणि मॉड्यूलची तार त्याच्याच तारांबरोबर बांधलेली होती. डायोड लावला, तार वेगळी केली. त्यानंतर असं एकदाही झालं नाही. पण सोबतच्या एका पानाच्या माहितीत याचा उल्लेखसुद्धा नाही, हे मला पटलेलं नाही.

मग ऑक्टोबरातली दुपार. ४,५०० फुटांवरून इंडियानाकडे चाललो होतो. आदल्या दोन उड्डाणांत व्होल्टमीटर १४.३ आणि १४.६ च्या मध्ये थरथरत होता आणि मी ते मनावर घेतलं नव्हतं. अचानक ब्रेकर बाहेर आला आणि लो व्होल्टेजचा दिवा लुकलुकायला लागला. नंतर लॉग पाहिला : एका सेकंदाला १४.५, पुढच्याला १५.९, त्याच्या पुढच्याला १२.८; १६.२ चा क्षण दोन नोंदींच्या मध्येच गेला. मला काही कळायच्या आत सगळं होऊन गेलं होतं. इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक नव्हता.

ब्रेकर परत दाबायला हात गेलाच होता. जुन्या सेसना १७२ च्या हँडबुकात मास्टर स्विचचे दोन्ही भाग (बॅटरीचा आणि अल्टरनेटरचा) बंद करून एकदा पुन्हा चालू करून पाहायला सांगितलंय, आणि दिवा परत लागला तर लवकर उतरायला. पण मला ती थरथर आठवली आणि मी ब्रेकर तसाच ठेवला. स्ट्रोब, ऑटोपायलट, दुसरा रेडिओ बंद केले, बॅटरीवर २० मिनिटांत जवळच्या विमानतळावर उतरलो.

कारण फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्यावर, सापडलं. माझ्या रेग्युलेटरचं अर्थिंग त्याच्या डब्यातूनच होतं, आणि डब्याखाली मी रंग पुरता खरवडलेला नव्हता. स्क्रू सैल होत गेला, अर्थ येत-जात राहिला, आणि शेवटी सुटला तेव्हा रेग्युलेटरला व्होल्टेज मोजता येईना, त्याने फील्डला पूर्ण करंट सोडला. मॉड्यूलचा अर्थ मात्र वेगळ्या तारेने वेगळ्या बोल्टवर होता. जोडणी करताना एक तार वाचवायला मी तो रेग्युलेटरच्या डब्यालाच जोडणार होतो. तसं केलं असतं तर रेग्युलेटरबरोबर मॉड्यूलही आंधळं झालं असतं. कुणी हे बसवणार असेल तर माझं एवढं जरूर ऐका : राखणदाराची अर्थ तार स्वतंत्र ठेवा.

दुसरी तक्रार, यावर तपासणीचं बटण नाही. मी ते काढून टेबलावर, करंटला मर्यादा घातलेल्या पॉवर सप्लायवर, १२ व्होल्टचा दिवा सिरीजमध्ये लावून व्होल्टेज हळूहळू वाढवतो. दिवा झपकन लागतो तो आकडा लिहून ठेवतो. बसवताना १६.१ होता, गेल्या महिन्यात १६.२.

भारतातल्या फ्लाइंग क्लबच्या सेसनात असं काही आपलं आपण बसवता येत नाही, तिथे मान्यताप्राप्त भाग आणि परवानाधारक इंजिनिअरच हवा. माझं विमान एक्सपेरिमेंटल, म्हणजे घरी बांधलेल्या विमानांच्या वर्गातलं, आहे म्हणून मला जमलं.

रेग्युलेटरच्या डब्याला आता वेगळी अर्थ तार आहे, आणि स्क्रूवर लाल खूण. दर २५ तासांनी टॉर्च घेऊन ती जागची हलली नाही ना, हे पाहतो.