सोशल सिक्युरिटीचा सर्व्हायव्हर बेनिफिट: नियमांना चार तारे, सेवेला अडीच

जोडीदार गेलेला आणि स्वतःच्या तब्येतीमुळे नोकरीही होत नाही, अशा माणसाचे अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडे (निवृत्ती, अपंगत्व आणि वारसांचे लाभ देणाऱ्या सरकारी खात्याकडे) दोन हक्क असू शकतात. एक स्वतःच्या कमाईवरचा एसएसडीआय, म्हणजे अपंगत्वाचा लाभ, दुसरा जोडीदाराच्या कमाईवरचा सर्व्हायव्हर बेनिफिट. नियम बरेच उदार आहेत. पण दोन्हींची सांगड कधी घालायची, हे तुम्ही विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही.

दोन्ही रकमा पूर्ण मिळत नाहीत. आधी स्वतःचा एसएसडीआय आणि सर्व्हायव्हरची रक्कम मोठी असेल तर वरचा फरक. म्हणजे एकूण हातात मोठी रक्कम पडते. मग लगेच अर्ज टाकून मोकळं का होऊ नये? कारण ६०व्या वर्षी सर्व्हायव्हर घेतला तर जोडीदाराच्या पूर्ण रकमेच्या ७१.५ टक्केच मिळतात आणि ती कपात पुढे कायम राहते. एसएसडीआयला अशी वयाची कात्री नसते.

समजा, तुमचा एसएसडीआय महिना १,५०० डॉलर आणि जोडीदाराची पूर्ण रक्कम २,०००. साठीला तिचे १,४३० होतात, म्हणजे अर्ज करून फायदा शून्य. थांबलात तर 'पूर्ण वयाला', म्हणजे कपात न होता सगळी रक्कम मिळते त्या वयाला, २,०००. आता जोडीदाराची रक्कम २,४०० धरा. साठीला १,७१६, म्हणजे महिन्याला २१६ जास्त. पूर्ण वय ६७ धरलं तर तोवरच्या ८४ महिन्यांत १८,१४४ डॉलर. थांबणाऱ्याला ६७ नंतर महिन्याला ६८४ जास्त मिळतात आणि साधारण सव्वादोन वर्षांत तो पुढे जातो (महागाईची वाढ यात धरलेली नाही). तब्येत फारच नाजूक असेल तर आधी घेणंच शहाणपणाचं. हा हिशेब खिडकीवर जाण्याआधी घरी करून जा.

आणखी एक बारकावा, जो भल्याभल्यांना माहीत नसतो: सर्व्हायव्हरचं 'पूर्ण वय' आणि निवृत्तीचं 'पूर्ण वय' एकच असतं असं नाही. १९६० साली जन्मलेल्यांना निवृत्तीसाठी ६७, पण सर्व्हायव्हरसाठी ६६ वर्षं ८ महिने. त्यापुढे थांबून सर्व्हायव्हर एक डॉलरही वाढत नाही. शिवाय त्या दिवशी तो आपोआप सुरू होईल या भरवशावर राहू नका. एसएसडीआय निवृत्तिवेतनात आपोआप बदलतो, सर्व्हायव्हरसाठी मात्र तुम्हालाच अर्ज करावा लागतो. उशीर झाला तर मागचे जास्तीत जास्त सहा महिने मिळतात.

या सेवेतला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात कमी माहीत असलेला भाग म्हणजे ५० ते ५९ वयातल्या अपंग विधवा-विधुरांचा लाभ. स्वतः कधीच नोकरी केली नसेल, किंवा नोकरीत जमलेली क्रेडिट (एसएसडीआयला लागणारी कामाची नोंद) जुनी झाली म्हणून एसएसडीआय नाकारला गेला असेल, तरी तो मिळू शकतो. रक्कम तीच, ७१.५ टक्के. अपंगत्व साधारणपणे जोडीदाराच्या मृत्यूआधी किंवा त्यानंतर सात वर्षांत सुरू झालेलं असावं लागतं. लहान मुलांमुळे पालक म्हणून लाभ मिळत असेल, तर ही सात वर्षं तो थांबल्यापासून मोजतात. लग्न किमान नऊ महिन्यांचं हवं. अपघाती मृत्यूसारखे अपवाद आहेत. पाच पूर्ण महिन्यांची प्रतीक्षा, आणि लाभाचा हक्क सुरू झाल्यापासून २४ महिन्यांनी मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा). पन्नाशीनंतर, अपंगत्व असताना पुनर्विवाह केला तर हा हक्क जात नाही.

एसएसआयवर (कमी उत्पन्न असलेल्या वृद्ध-अपंगांच्या सरकारी मदतीवर) असाल तर जपून. तिथे सर्व्हायव्हरचे पैसे उत्पन्न धरले जातात. पहिले २० डॉलर सोडून बाकी रकमेइतका एसएसआय कापला जातो. तो शून्यावर आला की मेडिकेडही (कमी उत्पन्नवाल्यांचा आरोग्य विमा) गेलं, असं समजून गप्प बसू नका. मेडिकेअर अजून सुरू व्हायचं असेल तर अशा विधवा-विधुरांसाठी मेडिकेड चालू ठेवण्याची वेगळी तरतूद आहे. राज्याच्या मेडिकेड कार्यालयात तिच्याबद्दल स्पष्ट विचारा.

आता तारे कुठे कापले ते. एसएसडीआयचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, सर्व्हायव्हरचा नाही. त्यासाठी १-८००-७७२-१२१३ वर फोन करा किंवा वेळ ठरवून कार्यालयात जा. म्हणून एसएसडीआय ऑनलाइन भरला म्हणजे सर्व्हायव्हरचंही झालं, असं धरू नका. फॉर्मही वेगळे: एसएसडीआयला एसएसए-१६, सर्व्हायव्हरला एसएसए-१०. दुसरी उणीव जास्त महागात पडते. एक लाभ आधी घेऊन दुसरा वाढू द्यायचा पर्याय अनेक विधवा-विधुरांना सांगितलाच गेला नाही, असं या खात्याच्याच महानिरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालात आहे. तेव्हा एकच लाभ हवा असेल तर अर्जाच्या 'रिमार्क्स' रकान्यात ते स्पष्ट लिहून घ्या आणि सही करण्याआधी तो रकाना वाचा.

मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, दोघांचे सोशल सिक्युरिटी नंबर आणि डॉक्टरांची यादी तारखांसकट सोबत ठेवा. २५५ डॉलरच्या एकरकमी मृत्यू-लाभासाठी दोन वर्षांची मुदत आहे, तो त्याच फेरीत मागा. वैद्यकीय कारणावरून नकार आला तर ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज द्या. ही मुदत चुकली तर बहुधा सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आणि ज्या महिन्यात मृत्यू झाला त्या महिन्याचा जोडीदाराचा हप्ता पुढच्या महिन्यात खात्यात जमा झालाच, तर तो खर्च करू नका. तो परत जातो.