कायोटी: कुत्रे सोडायचे की आवाज देऊन बोलवायचं?

कायोटी म्हणजे अमेरिकेतला कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला रानटी प्राणी. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात त्याच्या शिकारीसाठी मागे सोडायचे कुत्रे दोन जातकुळींचे. कॅन्ससपासून डकोटांपर्यंतच्या उघड्या माळावर नजरेनं धावणारे ग्रेहाउंड-संकर; आपल्या कारवानीचेच भाऊबंद. गाडीवरच्या पेटीतून कायोटी समोर दिसल्यावरच ते सुटतात आणि निकाल काही मिनिटांत लागतो. आयोवा, इलिनॉयकडे झाडी आणि ओढे जास्त, तिथे वासावर चालणारे वॉकर जातीसारखे हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रे. ताज्या बर्फावर सकाळी रस्त्यानं शेतजमिनीच्या चौकोनाला फेरी मारायची. पाऊल आत गेलंय पण बाहेर निघालेलं नाही, अशी जागा सापडली की दोन-तीन कुत्रे सोडायचे आणि माणसं नाक्या-नाक्यावर उभी करायची. बर्फ नसेल तर निम्मं कामच हुकतं.

या शिकारीची रंगत दुसऱ्या कशात नाही, हे मान्य. पण तिथली जमीन एक मैल लांब, एक मैल रुंद अशा ६४० एकरांच्या चौकोनांत आखलेली, आणि मागे लागलेला कायोटी असे चार-पाच चौकोन सहज ओलांडतो. कुत्र्याला बांध कळत नाही. म्हणजे परवानगी एका शेताची पुरत नाही. वाटेतल्या प्रत्येकाची लागते, आणि मधला एक जण नाही म्हणाला की दिवस संपला. मिनेसोटासारख्या राज्यात बंदूक न घेता पायी जाऊन कुत्रा आणायची मुभा आहे, पण सगळीकडे नाही. गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यामुळे कुत्रा महामार्गाकडे निघालेला दिसतो आणि आपण कुंपणाबाहेर उभे, यापेक्षा वाईट अर्धा तास नाही. शिवाय काटेरी तार, कडक बर्फानं फाटलेले पंजे, हरणाच्या वासावर भरकटलेलं पिल्लू आणि बारा महिन्यांचं खाणं.

आवाज देऊन बोलवायला एक शेत पुरतं. गाडी उंचवट्याआड लांब ठेवा, दार आपटू नका. वारा तोंडावर किंवा आडवा घ्या. आवाज वाजवणारं यंत्र स्वतःपासून ४०-५० मीटरवर ठेवून सशाची किंकाळी आधी हलकी लावा. कायोटी जवळजवळ नेहमी वळसा घालून वाऱ्याखाली, म्हणजे वारा वाहत जातो त्या बाजूला, येऊन वास घेतो. म्हणून बसण्याची जागा अशी निवडा की तो वळसा उघड्यावरून पडेल. जोडीदार असेल तर शॉटगन घेऊन त्याच बाजूला. १५-२० मिनिटांत काही आलं नाही तर उठा, मैलभर पुढे जा. जानेवारी-फेब्रुवारीत, माजाच्या दिवसांत, किंकाळीपेक्षा कायोटीच्याच ओरडण्याचा आवाज जास्त चालतो. बहुतेक बैठका रिकाम्याच जातात, आणि एकदा फसवलेला कायोटी त्या आवाजाला पुन्हा सहसा भुलत नाही. तीच जागा दोन-तीन आठवडे तरी सोडा.

सापळे? रोज फेरी मारणं जमत असेल तरच. बऱ्याच राज्यांत तसा नियमच आहे, आणि शेजाऱ्याचं कुत्रं अडकलं तर संबंध कायमचे बिघडतात. रात्री उष्णतेवरून प्राणी दाखवणाऱ्या थर्मल दुर्बिणीचे नियम राज्यागणिक बदलतात. विकत घेण्याआधी ते वाचा.

माझा कल कुठे आहे हे लपलेलं नाही. तरी आजूबाजूचे सगळे शेतकरी ओळखीचे असतील आणि हिवाळाभर बर्फ टिकत असेल, तर माझं ऐकू नका. फक्त कुत्रा घेण्याआधी एक हंगाम दुसऱ्याच्या टोळीबरोबर नाक्यावर उभे राहा.