गाडीखाली ऑइल टपकतंय: पुठ्ठा, डाय की पावडर?

गाडीखालच्या डागाचा माग काढायच्या तीन पद्धती मी माझ्याच गाडीवर वापरून पाहिल्या. खाली पुठ्ठा अंथरणं, ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही म्हणजे अतिनील उजेडात चमकणारा रंग) टाकून टॉर्चने शोधणं, आणि इंजिन धुऊन त्यावर टाल्कम पावडर मारणं. यातलं काय करावं अशा विचारात कुणी असेल तर हा अनुभव उपयोगी पडेल. गाडी एकच, गळतीही एकच, त्यामुळे माझं म्हणणं सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

पुठ्ठ्याबद्दल फार लिहायला नको. रात्रभर ठेवायचा आणि सकाळी रंग, वास, चिकटपणा बघायचा. तपकिरी-काळं असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी आणि वासाला गोडसर असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. ते विषारी असतं, कुत्र्यामांजरांनी चाटायच्या आत पुसून टाका. एसी लावून आल्यावर पडलेलं स्वच्छ पाणी सोडून द्या. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळं, बुळबुळीत काही दिसलं आणि ब्रेक ऑइलची पातळीही उतरलेली असली, तर मात्र गाडी रस्त्यावर काढूच नका. पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करायचं नाही. या दोन्हींत घरी प्रयोग करत बसू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

पुठ्ठ्यावरून काय गळतंय ते कळतं, कुठून ते कळत नाही. ऑइल इंजिनच्या अंगावरून ओघळतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं, आणि खाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर त्यात साठून भलत्याच भोकातून टपकतं. माझ्याकडे डाग पडायचा तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाच्या बरोबर खाली. डाग बघूनच एका मेकॅनिकने सांगितलं, क्रँकचं, म्हणजे इंजिनमधल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलंय. सील तसं साधं असतं, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढं मोठं काम नुसत्या डागावरून काढायला माझं मन धजेना.

म्हणून डाय आणला. वर्कशॉपमध्ये याच पद्धतीवर भर असतो आणि त्याला कारण आहे. डाय ऑइलमध्ये मिसळून जातो, नेहमीसारखी गाडी चालवायची, आणि काही दिवसांनी अंधारात यूव्ही टॉर्च मारली की गळलेलं ऑइल पिवळं-हिरवं चमकतं. टॉर्च ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची मिळाली तर उत्तम. ३९५ वाल्या टॉर्चचा जांभळा उजेडच इतका पडतो की बारीक चमक त्यात हरवते. पिवळा चष्मा लावला की आणखी स्पष्ट दिसतं. ऑइलचा डाय वेगळा, कूलंटचा वेगळा, आणि बरीच कूलंट डायशिवायही थोडीफार चमकतात.

माझं घोडं अडलं ते ओतताना. बाटलीतून फिलरच्या तोंडात डाय सोडताना चार-दोन थेंब कडेला सांडले. मी लगेच फडक्याने पुसले. तीन दिवसांनी रात्री दिवे मालवून टॉर्च मारली, तर टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाची, मागची सगळी बाजू उजळलेली. फडकं फिरवल्याचे फराटे, माझ्या बोटांचे ठसे, डिपस्टिकची मूठ, सगळं एकाच रंगात. खाली गिअरबॉक्सच्या जोडापाशीही चमक होतीच. मग वरची चमक मी सांडलेल्याची की गळतीची? क्लीनर मारून पुसलं, पुन्हा दोन दिवस गाडी चालवली, पुन्हा तेच. कव्हरच्या खाचेत अडकलेला डाय गरम झाला की परत पाझरायचा. मला एकच प्रश्न सोडवायचा होता, गळती वरून की खालून, आणि त्याचंच उत्तर मिळेना. शिवाय डाय घातलेलं ऑइल बदलेपर्यंत आत राहतं, म्हणजे तोवर हातून सांडलेला प्रत्येक थेंब तसाच चमकणार. तिथेच माझं मन त्यावरून उडालं.

शेवटी पावडर. यात खरी मेहनत धुण्याची आहे, आणि ती टाळली तर पावडर मारूच नये. जुन्या चिकट्यावर तिचा नुसता लगदा होतो. इंजिन गार असताना अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), वायरींचे कनेक्टर आणि इंजिनात हवा जायची वाट प्लास्टिकने बांधून घेतली, डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं क्लीनर) लावून ब्रशने घासलं, कमी जोराच्या पाण्याने धुतलं आणि पूर्ण वाळू दिलं. मग मऊ ब्रशने जोडांमधल्या सगळ्या पॅकिंगच्या कडांना पावडरचा पातळ हात दिला. बेल्टच्या बाजूला अजिबात नाही.

इंजिन जागेवरच चालू ठेवलं. वीसेक मिनिटांनी ते बंद करून, मागच्या बाजूला छोटा आरसा धरून बघितलं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, पॅकिंग जिथे वळतं तिथे, पावडर राखाडी पडली होती. तिथून केसाएवढी गडद रेघ ब्लॉकवरून खाली उतरलेली, थेट गिअरबॉक्सच्या जोडाकडे. आजूबाजूला सगळं पांढरं, कोरडं. डाय सांडला होता तो नेमका याच कोपऱ्याच्या वर.

मागचं सील धड आहे याचा हा पुरावा नव्हे, ते आत असतं. पण वरून येणारं ऑइल आधी थांबवायचं आणि मग खालचं बघायचं, हाच क्रम बरोबर. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, पुन्हा धुऊन पावडर मारली, आठवडाभर पुठ्ठा ठेवला. पुठ्ठा कोरडा राहिला. गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही.

पावडरच्या मर्यादा मी नाकारत नाही. फक्त वेगात किंवा चढावर होणारी गळती ती जागेवर दाखवणार नाही, आणि गाडी रस्त्यावर काढली तर पावडर उडून जाते. दोनशे किलोमीटरला एखादा थेंब अशी गळती असेल, किंवा जिथे ब्रश पोहोचत नाही अशी जागा असेल, तर मीही डायच घेईन; फक्त तो थोड्या ऑइलमध्ये आधी मिसळून, लांब नळीच्या फनेलने ओतीन. कूलंटसाठी दोन्ही नकोत. गार इंजिनवर रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावून, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरून बघा. बाहेरची गळती असेल तर बहुतेक वेळा ती तिथल्या तिथे दिसते.