पीएम सूर्यघरची सबसिडी खरंच मिळते का? कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या आमच्या ३ किलोवॅट सोलरचा अनुभव

पीएम सूर्यघर म्हणजे घराच्या छतावर सोलर बसवायला सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना. सगळे जे पहिल्यांदा विचारतात तेच आधी सांगते. हो, ७८,००० रुपये मिळाले, पूर्ण मिळाले, थेट बँक खात्यात जमा झाले आणि त्यासाठी कुणाच्या हातावर एक रुपया ठेवावा लागला नाही. आमच्या स्लॅबवरचं सोलर फेब्रुवारी २०२५ मध्ये चालू झालं आणि सबसिडी पुढच्याच महिन्यात आली. आता एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा काढून झालाय म्हणून लिहायला बसले. योजनेला माझे पाचपैकी पाच, ज्या सोलरवाल्याकडनं बसवून घेतलं त्याला तीन, ते तीन का ते खाली लिहिलंय, नीट वाचा, कारण आपल्याकडं पाऊस कसा असतोय ते आपल्यालाच माहीत.

सोलरच्या आधी आमचं बिल महिन्याला २८० युनिटच्या आसपास, म्हणजे तीन-सव्वातीन हजार. मे महिन्यात तीनशेच्या वर. महावितरणचा दर १०० युनिटच्या पुढं गेला की जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळं पंखे बदला, बल्ब बदला, थोडं कमी यायचं पण शंभरच्या आत काही बसायचं नाही. योजना १३ फेब्रुवारी २०२४ ला आली तेव्हाच ह्यांनी विषय काढला होता, पण घरात सगळ्यांना वाटायचं की सबसिडी म्हणजे नुसतं कागदावर.

हिशोब सरळ आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, झाले ७८,०००. त्याच्या वर कितीही घ्या, सबसिडी तेवढीच. हे मी मुद्दाम सांगते कारण आम्हाला दोन जणांनी ५ किलोवॅट गळ्यात मारायचा प्रयत्न केला, "वहिनी, जास्तीचे युनिट विकून पैसे मिळतात" म्हणे. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात हे खरं, पण ३१ मार्चला जे उरतात त्याचा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळं गरजेपेक्षा मोठं बसवण्यात काही अर्थ नाही. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, आपल्या मागच्या बारा महिन्यांच्या बिलांची बेरीज करा आणि मग ठरवा. ज्यांचं बिल दीड-दोनशे युनिटच आहे त्यांना दोन किलोवॅट पुरतंय, ६०,००० सबसिडी मिळते.

आम्ही अडकलो ते कागदात. मीटर सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झाली, बिल येतंय भरतोय म्हणून कुणी नाव बदललंच नव्हतं. योजनेच्या पोर्टलवर ज्याचं नाव बिलावर त्याचाच अर्ज आणि त्याच्याच खात्यावर सबसिडी, मग आधी नावबदलाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, घरफाळ्याची पावती, दिरांची आणि नणंदेची संमती, ह्यात दोन महिने गेले. मीटर सासूबाईंच्या नावावर केलं, तर त्यांच्या पासबुकावर "सुशिला" आणि आधारवर "सुशीला". ती वेलांटी दुरुस्त करायला बँकेत दोन फेऱ्या झाल्या. म्हणून सांगते, सोलरवाल्याला फोन करायच्या आधी वीजबिल, आधार आणि पासबुक तिन्ही शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आणि रजिस्ट्रेशन स्वतःच्या मोबाईल नंबरवरनंच करा. आमच्या गल्लीत एकांनी सोलरवाल्याच्या नंबरवर केलं, आता प्रत्येक ओटीपीला त्याला फोन लावत बसतात.

दुसरं म्हणजे पॅनेल डीसीआरच पाहिजे, म्हणजे आतल्या सेलसकट भारतात तयार झालेलं, नाहीतर सबसिडी नाही. पहिलं जे स्वस्तातलं कोटेशन आलं त्यात हा शब्दच नव्हता, विचारल्यावर रेट एकदम चढला. आम्हाला सगळं मिळून १ लाख ९५ हजार पडले, आधी पूर्ण भरायचे आणि सबसिडी नंतर. निम्मे घरातले आणि निम्म्याचं सरकारी बँकेतनं लोन, सात टक्क्यांनी, काही गहाण न ठेवता. आता घेणाऱ्यांचा अजून फायदा आहे, सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्के झालाय, कोटेशनमध्ये जुना दर लावलेला नाही ना ते बघून घ्या.

आता फिटिंग. सासूबाईंची एकच अट होती, चटणीच्या मिरच्या वाळवायला जागा राहिली पाहिजे. दरवर्षी एप्रिलमध्ये आमच्या स्लॅबवर ब्याडगी आणि संकेश्वरी पसरलेली असते, मग कुरडया, सांडगे. म्हणून स्ट्रक्चर सात फूट उंच करून घेतलं, त्याचे जास्तीचे पैसे पडले पण खालनं माणूस सरळ चालतंय आणि पूर्वेकडच्या अर्ध्या भागात मिरच्याला ऊन मिळतंय. पाण्याची टाकी मात्र हलवावी लागली. तिची सावली दुपारी तीननंतर एका पॅनेलच्या कोपऱ्यावर यायची, आणि एका कोपऱ्यावर सावली आली तरी त्या अख्ख्या लायनीचं उत्पादन पडतं, हे मला मोबाईलवरच्या अॅपमध्ये रोज दिसायचं, तीनला आकडा धाडकन खाली.

आणि इथंच सोलरवाल्याचे दोन स्टार गेले. स्ट्रक्चरचे पाय बसवताना त्यांनी सरळ स्लॅबला ड्रिल मारून बोल्ट ठोकले. मी विचारलं होतं, पाणी नाही ना येणार, तर "काय होत न्हाई वहिनी, केमिकल भरलंय." जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली आणि आतल्या खोलीत कपाटाच्या बरोब्बर वर स्लॅबला ओल आली, आधी वाटीएवढी, चार दिवसांत परातीएवढी. गणवेश, शाली, सासूबाईंच्या लुगड्यांची घडी, सगळं वास मारायला लागलं. फोन केले तर उद्या येतो, परवा येतो, शेवटी ह्यांनी दुकानात जाऊन बसल्यावर माणूस आला, तोवर ऑगस्ट उजाडला. आता प्रत्येक पायाभोवती काँक्रीटचा ठोकळा भरून वर वॉटरप्रूफिंग केलंय, ओल थांबली. हेच पहिल्या दिवशी करता आलं असतं. तुम्ही करारातच लिहून घ्या की पाय काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवणार, आणि शेवटचे दहा टक्के एक मोठा पाऊस बघूनच द्या.

चालू झाल्यावरचं मात्र मनापासून चांगलं सांगते. महावितरणचे साहेब येऊन तपासून गेले, नेट मीटर (महावितरणकडनं घेतलेली आणि त्यांना दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसला, प्लँटसोबत सासूबाईंचा फोटो काढून पोर्टलवर चढवला, त्यासाठी त्या इरकल नेसून वर आल्या होत्या. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला १३-१४ युनिट पडायचे, बिल नुसतं स्थिर आकार आणि किरकोळ, पावणेदोनशेच्या आत. जुलैमध्ये एखाद्या दिवशी ३, सरासरी ५-६, पण उन्हाळ्यातले शिल्लक युनिट तेव्हा कामाला आले आणि बिल तरीही चारशेच्या वर गेलं नाही.

एक गैरसमज सगळ्यांचा असतो, आमचाही होता. लाईट गेली की हे सोलर पण बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतोय. बॅटरी पाहिजे असेल तर तिचा खर्च वेगळा आणि त्याला सबसिडी नाही. लाईट गेल्यावर लागतोय म्हणून आम्ही घरातला जुना इन्व्हर्टर तसाच ठेवलाय.

पॅनेल आठवड्याला सकाळी लवकर साध्या पाण्यानं धुते, तापल्यावर पाणी मारायचं नाही. कसबा बावड्यात नणंदेकडं पण आता बसवायचं चाललंय, तिथं साखर कारखान्याच्या सीझनमध्ये दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडतीया, तिला मी चार दिवसांनी धुवायला सांगितलंय.

योजनेच्या नियमाप्रमाणं पाच वर्षं देखभाल सोलरवाल्यानंच करायची असते. आमची पहिली सर्व्हिस गणपतीनंतर व्हायची होती, अजून झालेली नाही. काल फोन उचलला, सोमवारी येतो म्हणालेत. आले आणि नीट काम करून गेले तर एक स्टार वाढवते.